पायरीशी ठेवलेलं सामान

।। श्री एकवीरा आईची कृपा ।।

कार्ले,
सोमवार, २५ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप गोपाळकृष्ण काका,

तुम्हाला आणि अरुंधती काकूंना कोंडाजीचा नमस्कार. चार वेळा फोन केला. दोनदा वाजून थांबला आणि दोनदा तुम्ही बंद केलात, एवढं मला कळतं. म्हणून कागद घेतला. दरवर्षी तांदळाच्या पोत्याबरोबर चिठ्ठी लिहितो तेवढीच माझी लिहायची सवय, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या. पत्र जानूच्या रिक्षातून येतंय. तो म्हणाला, "आता मला खाकी कपडे पण शिवून द्या."

पोर्तुगालात तुमची बॅग गेली हे ऐकलं त्या दिवशी आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही. दोघांचे पासपोर्ट, फोन, कॅमेरा, सगळंच एका बॅगेत. परका मुलूख, भाषा वेगळी. आमची आई तेवढी म्हणाली, "मानसं धड आली न्हवं? मंग देवीनं राखलं म्हना." पंचवीस वर्षं तुम्ही आमच्या दुकानातून ओटी घेऊन डोंगर चढता. आईला तुम्ही तिच्या धाकट्या भावासारखे.

आता आमच्या राजीचं, राजेश्वरीचं. तुम्ही तिच्या टूर कंपनीला लेखी तक्रार केलीत, की टूर मॅनेजर म्हणून तिने सावध केलं नाही आणि बॅग हिसकावली तेव्हा ती जागेवर नव्हती. राजीची नोकरी अजून कायम झालेली नाही. वीस डिसेंबरला तिला साहेबांपुढे बोलावलंय. तोपर्यंत टूर बंद. ऑफिसात बसून जुन्या फायलींना नंबर घालते.

काका, मी राजीची बाजू घेतोय असं समजू नका. बाप आहे, म्हणजे घेणारच, पण तुमचीही घेतोय. ती सांगते, बसमध्ये रोज तीन वेळा ती म्हणायची, "बॅगा पुढे घ्या, छातीशी धरा." तिसऱ्या दिवसापासून अख्खी बस तिच्याबरोबर आरतीसारखी तेच म्हणायला लागली. ज्या दिवशी बॅग गेली त्या दुपारी सगळ्यांना दोन तास मोकळे होते आणि ती एका आजींचा मुरगळलेला पाय बांधत बसली होती. तुमचा निरोप आला तशी धावत आली. नंतर दोन दिवस वकिलातीत उभी राहून तिने तुमचे परतीचे कागद करून घेतले, हे तुम्हीही नाकारणार नाही.

एक कोडं मात्र तिला अजून सुटलेलं नाही. ती आली तेव्हा तुम्ही रस्त्याच्या कडेला नुसत्या सॉक्सवर उभे होतात आणि बूट हातात होते. तिने रिपोर्टात ते लिहिलं नाही. म्हणाली, "काकांना बरं नाही वाटणार." मला वाटतं, तिकडचे चोर बूटही काढायला लावत असतील आणि तुम्ही झटापट करून परत मिळवले असतील. तसं असेल तर या वयात तुमची कमाल आहे.

पोरगी तुमच्याच पडवीत बसून काकूंकडे इंग्रजी शिकली. तेव्हा एकदा शांतपणे आठवून पाहा. तक्रारीत रागाच्या भरात काही कमीजास्त झालं असेल तर दोन ओळी कंपनीला लिहा. मी एवढंच मागतो.

तुमचा,
कोंडाजी

---

तुंगार्ली, लोणावळा
शुक्रवार, २९ नोव्हेंबर २०२४

श्री. कोंडाजी यांस,

तुमचे पत्र मिळाले. राजेश्वरीवर माझा वैयक्तिक राग नाही, हे प्रथमच स्पष्ट करतो. प्रश्न तत्त्वाचा आहे.

मी छत्तीस वर्षे तळेगावला कारखाना चालवला. कामगाराचे बोट मशीनमध्ये सापडले तर मी आधी सुपरवायझरला बोलावत असे. ज्याच्या हाती माणसे सोपवली, त्याने उत्तर द्यायचे. आम्ही टूरबरोबर जातो ते निर्धास्त फिरता यावे म्हणून. प्रत्येक क्षणी बॅग छातीशी धरूनच फिरायचे तर माणसाने घरीच का बसू नये?

तुमच्या भावना समजतात. पण तक्रार पाठवली आहे, विम्याचा अर्जही त्याच मजकुराने गेला आहे. आता शब्द बदलणे शक्य नाही.

तुम्हालाच तुमचे उदाहरण देतो. पंचवीस वर्षे आम्ही तुमच्या दुकानात चपला, चामडी पाकीट, कमरेचा पट्टा, घड्याळ काढून ठेवतो, कारण चामडे देवापुढे नेऊ नये ही माझ्या आईची शिकवण. वर दोन दोन तास रांगेत असतो. पंचवीस वर्षांत तुमच्याकडून सुतळीचा तोडाही हललेला नाही. याला जबाबदारी म्हणतात. मुलीने वडिलांकडून एवढे तरी शिकायला हवे होते.

बुटांविषयी विचारलेत. त्या दिवशी पाय दुखत होते.

आपला,
गोपाळकृष्ण

---

तुंगार्ली
सोमवार, २ डिसेंबर २०२४

प्रिय कोंडाजी,

लोणच्याची बरणी उचललीस की खाली हा कागद मिळेल. हे दुपारी झोपले आहेत. जानूला सांगितलंय की बरणी तुझ्याच हातात द्यायची. तो म्हणाला, "काकू, पोस्टमनवरनं आता हेर झालो की वो मी!"

ह्यांनी तुला काय लिहिलं ते मी वाचलं. पाय दुखत नव्हते.

त्या दुपारी आम्ही दोघंच फिरायला गेलो. एका गल्लीतून वर चढत जाणाऱ्या पायऱ्या दिसल्या आणि वरती एक छोटंसं चर्च. हे थांबले आणि म्हणाले, "अगं, अगदी एकवीरेचा डोंगर!" पहिल्या पायरीशी एक म्हातारी टोपलीत मेणबत्त्या आणि फुलं घेऊन बसली होती. डोक्याला रुमाल, मांडीवर हात, अगदी तुझी आई बसते तशी. ह्यांनी तिच्याकडून दोन मेणबत्त्या घेतल्या. मग बूट काढले. मग पट्टा. मग ती चामडी बॅग खांद्यावरून काढून तिच्या टोपलीशेजारी ठेवली. मी म्हटलं, "अहो, बॅग तरी माझ्याकडे द्या." तर म्हणाले, "देवाच्या दारात चामडं नेतेस? ती बघतेय की. कोंडाजीच्या बयाबाईसारखी बाई आहे." तिला मराठीत म्हणाले, "मावशी, जरा लक्ष ठेवा हं." तिने मान हलवली. कुणीही हलवली असती.

आत चर्चमध्ये सगळे ह्यांच्या सॉक्सकडे बघत होते. डाव्या सॉक्समधून अंगठा बाहेर आलेला. तरी ह्यांनी डोळे मिटून छान प्रार्थना केली. अर्ध्या तासाने खाली आलो तर म्हातारी नाही, टोपली नाही, बॅग नाही. बूट मात्र भिंतीला टाचा लावून नीट जोडीने ठेवलेले, आणि त्यांत पट्टा गुंडाळून ठेवलेला.

दुसऱ्याच्या फोनवरून हे पहिल्यांदा श्रीयशशी बोलले. गेल्या वर्षी श्रीयशच्या गाडीतून लॅपटॉप चोरीला गेला तेव्हा ह्यांनी मुलाला महिनाभर निष्काळजीपणावर भाषण दिलं होतं. आता त्याला कसं सांगणार? तोंडातून निघून गेलं, "हिसकावली रे." एकदा ते बोलल्यावर पोलिसांना तेच, विम्याला तेच आणि कंपनीला तेच. मी शेजारी उभी राहून गप्प बसले. माझा दोष तेवढा.

वीस तारीख जवळ आली आहे. मी सांगून हे ऐकत नाहीत, मी एकोणचाळीस वर्षं प्रयत्न करतेय. हा कागद तू कंपनीला दाखवलास तर मी नाही म्हणणार नाही. घरात जे व्हायचं ते होईल. तेवढा हक्क तुझा आहे.

तुझी,
काकू

---

।। श्री एकवीरा आईची कृपा ।।

कार्ले,
गुरुवार, ५ डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप काका,

तुमचं पत्र पोचलं. काकूंची बरणीही पोचली, लोणचं छान आहे.

पंचवीस वर्षांत तुम्ही मला पहिल्यांदा 'तुम्ही' लिहिलंत. बाकी सगळं पत्र मी पचवलं, हे लागलं. असो.

तुम्ही माझ्या दुकानाची स्तुती केलीत. सुतळीचा तोडाही हलला नाही असं लिहिलंत. ते वाचून मला दोन रात्री झोप नाही, कारण ते खोटं आहे. खोटं तुमचं नाही, माझं आहे. सहा वर्षं मी ते पोटात ठेवलंय.

आठवतं का, चैत्रातली जत्रा नुकतीच होऊन गेली होती, आणि तुम्ही लोणावळ्याच्या बाजारातून घेतलेल्या नव्या तपकिरी चपला घालून आला होतात. दुकान कुठलं, चामडं कुठलं, सगळं मला कौतुकाने सांगितलंत. चपला आमच्या फळीखाली ठेवल्यात आणि वर गेलात. गिऱ्हाइकांची झुंबड होती. मी नारळ सोलत होतो, राजीची आई अनिता हार बांधत होती. तासाभराने बघतो तर चपला नाहीत.

आई म्हणाली, "बगत काय बसलाय? जा की!" जानूच्या रिक्षात बसून मी त्याच दुकानात गेलो. तशीच जोडी होती, पण नऊ नंबर संपला होता. आठ होता. आठ घेतला. परत येताना जानू म्हणाला, "लय नव्या दिसत्यात, वळखतील." म्हणून मी त्या पायात घालून आमच्या खाचराच्या बांधावरून चार येरझाऱ्या मारल्या, माती चोळली, मग पुसल्या, आणि तुम्ही उतरायच्या आत फळीखाली ठेवल्या.

तुम्ही आलात. पाय घातलात. पुन्हा काढून चपलेच्या आत बघितलंत. म्हणालात, "कोंडाजी, या आखडल्यात काय रे?" मी पुन्हा नारळ सोलायला घेतला. आईच पुढं झाली. तोंडावरची माशीही न हलू देता म्हणाली, "आवो, आज ऊन काय कमी हाय का? उनानं चामडं आखडतंयच." तुम्ही, छत्तीस वर्षं कारखाना चालवलेला माणूस, मान हलवून गेलात.

तेव्हाच का सांगितलं नाही, हे मी देवीपुढे दिवा लावताना स्वतःला पुष्कळदा विचारलं. भीती होतीच, पण ती थोडी. खरं कारण म्हणजे मला मिरवायचं होतं. कोंडाजीच्या दुकानातून वस्तू जात नाही, असं सगळे म्हणतात. ते मला गोड लागायचं. नवी जोडी आणली म्हणजे मी जबाबदारी निभावली असं मी समजत होतो. पण खरं सांगण्याची जबाबदारी चुकवायलाच तर मी ती जोडी आणली होती.

आणि काका, यात एक गोष्ट अशी आहे, जिचा भार माझ्यावर आहे. चार नारळांमागे बसलेल्या माणसापाशी सामान ठेवलं की ते जातच नाही, ही खात्री तुम्हाला मी दिली. खोटी दिली. त्या दिवशी "काका, चपला गेल्या, माझं लक्ष नव्हतं" एवढं म्हणालो असतो, तर पुढं जिथं जिथं तुम्ही काही खाली ठेवलं असेल तिथं एकदा मागं वळून तरी बघितलं असतं. चोरीचा दोष चोराचा, तो त्याच्याकडेच राहू द्या. पण निष्काळजीपणाचे वाटे करायला बसलात, तर एक वाटा माझ्या नावावर लिहा. राजीच्या नावावर लिहू नका. तिने तुम्हाला तीन वेळा खरं सांगितलं होतं, जे मी एकदाही सांगितलं नाही.

यापेक्षा जास्त मला काही लिहायचं नाही आणि विचारायचंही नाही.

तुमचा अपराधी,
कोंडाजी

---

कार्ले,
सोमवार, १६ डिसेंबर २०२४

काकूंना नमस्कार.

नवा इंद्रायणी तांदूळ पाठवतोय, जानू आणि आमच्या दुकानातला सुरज पोतं आत आणून ठेवतील. आजचं पोतं आणि वीस तारीख यांचा एकमेकांशी संबंध नाही. दरवर्षी मार्गशीर्षातच पाठवतो, तुम्हाला ठाऊक आहे.

काकांचं उत्तर आलं नाही. असो.

पोत्याच्या तोंडाशी तुमचाच कागद घालून परत करतोय. पोतं तुम्हीच सोडता, म्हणून तिथं ठेवला. घरात ठेवायची सोय उरली नाही. मी तो देवाच्या फोटोमागे ठेवला होता, तर अनिता फोटो पुसायला फारच वेळा जायला लागली. काल तिने तोंडावरच विचारलं, "पोरीचं भलं फोटोमागं ठेवून तुम्ही आरती कुणाची करताय?" तिचंही चूक नाही.

शेवटी मी राजीला वाचायला दिला. ज्याच्यावर आळ आलाय त्याला विचारल्याशिवाय मी परस्पर निर्णय घेणं बरं नव्हे. तिने दोनदा वाचला. अंगठ्याच्या ठिकाणी हसली. मग घडी घालून माझ्या हातात दिला. म्हणाली, "आबा, हा दाखवला तर काकू त्या घरात कशा राहतील? मी जे केलं ते मी सांगीन. त्यांना पटलं तर ठीक, नाहीतर आपलं दुकान आहेच. पण लोकांचं सामान सांभाळायला बिल्ले आणा हं. कायदा म्हणजे कायदा."

तेव्हा कागद फाडून टाका आणि मनाला लावून घेऊ नका.

कोंडाजी

---

तुंगार्ली
बुधवार, १८ डिसेंबर २०२४

प्रिय कोंडाजी,

पोतं काकू सोडते हे तुला कुणी सांगितलं? नव्या तांदळाचा पहिला वास घेण्याचा मान या घरात माझा आहे. पंचवीस वर्षं मी मूठभर तांदूळ नाकाशी धरतो. या वेळी मुठीत कागद आला. दोन कागद. बायकोचं अक्षर मी ओळखतो.

मी तिथंच पोत्याशेजारी फरशीवर बसलो. आधी तुझं वाचलं, मग तिचं. मला राग आला, तिचा, तुझा, जानूचा, त्या म्हातारीचा, सगळ्यांचा. मग लक्षात आलं, की हा कागद तुझ्याकडे दोन आठवडे होता. मला खोटं पाडायला एवढा पुरे होता, आणि तू तो तांदळात घालून परत पाठवलास.

माझा कंपनीला लिहिलेला खुलासा या कागदावाचूनच तयार होता असं मी तुला सांगू शकलो असतो. पण आता पुन्हा तसलं नको. खरं असं आहे, की तुझं चपलांचं पत्र आल्यापासून मी तो खुलासा तीनदा लिहिला आणि तीनदा फाडला. मंगळवारी चौथ्यांदा लिहिला आणि फाडला नाही. त्याची नक्कल सोबत आहे, वाचून बघ. बॅग मी स्वतः खाली ठेवली, एका अनोळखी बाईजवळ, जिला माझी भाषा येत नव्हती. मोकळ्या वेळेत, टूर मॅनेजरने रोज तीन वेळा बजावलेलं असताना. राजेश्वरीने त्यानंतर आमच्यासाठी जे केलं तेही सविस्तर लिहिलं आहे. मूळ पत्र श्रीयश उद्या स्वतः नेऊन देतोय, पोहोच घेणार आहे. विम्यालाही खरा मजकूर कळवला. ते आता काही देणार नाहीत. ठीक आहे.

श्रीयशला सांगणं सगळ्यांत कठीण गेलं. तो म्हणाला, "बाबा, महिनाभर भाषण द्यायचा हक्क आता माझा." मी म्हटलं, दे. त्याने तीन मिनिटांत संपवलं. मुलगा माझ्यापेक्षा बरा निघाला.

त्या म्हातारीला मी मनातल्या मनात चोर म्हणत आलो. तिने नेली, की ती आपली वेळ झाली म्हणून घरी गेली आणि नंतर कुणी उचलली, मला माहीत नाही. माझे बूट भिंतीशी जोडीने कुणी लावून ठेवले असतील? रोज तोच विचार येतो. तिच्यापाशी मी जबाबदारी टाकली, ती तिने घेतली होती की नाही हे विचारलंच नाही.

आता चपला. काकूला वाचून दाखवलं तेव्हा ती एवढी हसली, की तिला खुर्ची द्यावी लागली. माळ्यावर जाऊन तिने खोका काढला. मी त्या तीनदाच घालू शकलो होतो. त्या दुकानदाराशी मी "तुमचं चामडं आखडतं" म्हणून भांडूनही आलो होतो, कोंडाजी! त्याची माफी मागायला आता मला जावं लागणार. आत आठ नंबरचा शिक्का आहे. सहा वर्षांत मी तो वाचला नाही. माणसाला दुसऱ्याच्या चुका वाचायची सवय असली की असं होतं.

चपला सोबत पाठवतोय. तुझा नंबर आठ असावा, नाहीतर बांधावर चार येरझाऱ्या तुला जमल्या नसत्या.

आणि राजीचं म्हणणं बरोबर आहे. माझ्या कारखान्यात कामगार हत्यार घेताना पितळी बिल्ला खिळ्याला अडकवायचा, हत्यार परत केलं की बिल्ला परत. तसले नंबर घातलेले बिल्ले माळ्यावर पडून होते. जोडीजोडीने पाठवतोय, एक सामानावर, एक माणसाजवळ. चिंचेने घासून घे, चमकतील. पुढच्या महिन्यात मी डोंगर चढायला येईन तेव्हा मलाही बिल्ला दे. न दिलास तर मी मागेन.

तुला 'तुम्ही' लिहिलं त्याबद्दल वेगळी माफी. ते पत्र लिहिताना तुझ्याकडे बघायची हिंमत नव्हती, म्हणून मी तुला जरा लांब उभं केलं.

तुझा,
गोपाळकृष्ण काका

---

।। श्री एकवीरा आईची कृपा ।।

कार्ले,
मंगळवार, ७ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप काका आणि काकू,

राजीने तुम्हाला फोन केलाच आहे, तरी कागदावर लिहितो. काल तिला कायम झाल्याचं पत्र मिळालं. साहेबांनी तुमचा खुलासा तिच्यासमोर मोठ्याने वाचला आणि सॉक्सपाशी आल्यावर थांबून पाणी प्यायले म्हणे. फेब्रुवारीत तिला परत टूर आहे. आता बसमध्ये बॅगेच्या सूचनेनंतर ती एक नवी सूचना देणार आहे, की देवाच्या दारात बूट काढले तरी चालतील, पण बॅग काढू नका. तुमचं नाव घेणार नाही, असा शब्द तिने मला दिलाय.

अनिताने देवाचा फोटो पुसणं आता कमी केलंय.

बिल्ले चिंचेने घासले. सुरजने फळीला खिळे मारून दिले. पहिल्या दिवशी लोक हसले. एक जुने गिऱ्हाईक म्हणाले, "कोंडाजी, आमच्यावर भरवसा न्हाई व्हय?" मी म्हटलं, "तुमच्यावर आहे, माझ्यावर नाही." आणि मग सहा वर्षांपूर्वीची गोष्ट त्यांना सांगून टाकली. आता ती मी रोज दोनचार जणांना सांगतो. आता आई मधेच मला थांबवते आणि उन्हाचं वाक्य स्वतः म्हणते. ते दुसऱ्या कुणी म्हटलेलं तिला खपत नाही.

चपला मला बरोब्बर बसल्या. सहा वर्षं बंद खोक्यात होत्या तरी चामडं मऊ आहे. काका, कुठंही आखडलेलं नाही.

आज मंगळवार म्हणून राजीला घेऊन देवीला गेलो. त्याच चपला घातल्या होत्या. दुकानाशी आलो, चपला काढल्या आणि फळीखाली सारल्या. आई फळीवर बसली होती. म्हणाली, "बिल्ला घे."

मी म्हटलं, "आई, दुकान माझंच आहे."

"दुकान तुजं असंल. चपला कुनाच्या ते मला ठावं न्हाई. बिल्ला घे न्हाईतर हातात घिऊन जा वर."

घेतला. सतरा नंबर. वर गर्दी होती, पण दर्शन छान झालं. मी देवीजवळ एवढंच मागितलं, की पोरीच्या हाती सोपवलेली माणसं सुखरूप परत येऊ देत, आणि पोर्तुगालातली ती बाई जी कुणी असेल, तिच्या मेणबत्त्या खपू देत. मग तुमच्यासाठी प्रसादाची पुडी बांधली आणि खाली आलो.

आईने हात पुढे केला. मी सदऱ्याचे खिसे बघितले. पँटचे बघितले. राजीने पिशवी उपडी केली. बिल्ला नाही. आईने रांगेतल्या लोकांसमोर मला सांगितलं, "बिल्ला न्हाई तर चपला न्हाई. व्हय बाजूला, मागं गिऱ्हाइकं हायती." मी म्हटलं, "अगं, तू मला जन्म दिलास!" ती म्हणाली, "दिला. त्याला बिल्ला नवता."

राजी हसून हसून पायरीवर बसली. मी अनवाणी घरी आलो. सॉक्सही नव्हते.

घरी आल्यावर आठवलं, की पुडी बांधताना दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून बिल्ला मी कुठंतरी खाली ठेवला होता. कुठं ते आठवत नाही. पुडी जानूबरोबर पाठवतोय. सांभाळून सोडा. पेढ्यांमध्ये सतरा नंबरचा बिल्ला निघाला तर लगेच त्याच्याच हाती परत द्या. चपला आईकडे आहेत.

तुमचा,
कोंडाजी